कार्बोरेटर आत्ताच साफ केलाय

मोटारसायकल सुरू होत नाही, ही काही मोठी बातमी नव्हे. रस्त्याने गाडी ढकलत नेणाऱ्याला लोक "पेट्रोल संपलं काय?" एवढं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातात. कार्बोरेटर साफ केल्यावर मोटारसायकल सुरू होत नाही, हा मात्र प्रसंग आहे. फरशीवर वर्तमानपत्र अंथरलंय, स्टीलच्या ताटलीत पेट्रोल ओतून त्यात पितळी जेट भिजत घातलेत, बाजूला दात घासण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला ब्रश पडलाय आणि मधोमध एक गृहस्थ काळेकुट्ट हात घेऊन उकिडवे बसलेत, असं दिसलं की भाजीला निघालेला माणूससुद्धा थांबतो. पिशवी खाली ठेवतो. "काय झालंय?" म्हणून विचारतो. उत्तर ठरलेलं असतं. "काही नाही, कार्बोरेटर साफ केला."

कोल्हापुरात असा माणूस जरा जास्तच वेळ थांबतो. उद्यमनगराच्या कृपेने इथे घरटी एखादा टर्नर, फिटर, नाहीतर फौंड्रीत चार वर्षं काढलेला मेव्हणा तरी असतोच. त्यामुळे 'यंत्रातलं आपल्याला काही कळत नाही' असं म्हणणारा पुरुष माझ्या अजून पाहण्यात नाही. बायका म्हणतात, पण त्यांना खरोखर काय कळतं ते पुढे येईलच.

आमच्या अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर जे सर राहतात, ते ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची आरएक्स १०० आहे. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या साथीने ही गाडी १९८५ साली आणली, १९९६ साली ती बंद झाली, आणि बंद झाल्यापासून तिची किंमत चढतेच आहे. नावात शंभर असले तरी इंजिन अठ्ठ्याण्णव सीसीचंच, पण हे तिच्या मालकासमोर बोलायचं नसतं. सरांची गाडी उत्तम चालत होती. सकाळी अर्ध्या किकमध्ये उठायची, आवाज तिन्ही मजल्यांवर पोचायचा आणि निळसर धूर चौथ्या मजल्यावर. दिवाळी तोंडावर आली, वहिनींनी घरातली भांडी घासायला काढली, आणि सरांच्या मनात आलं की आपणही काहीतरी घासावं.

मोबाईलवर त्यांनी कार्बोरेटर साफ करण्याचे व्हिडिओ पाहिले होते. या व्हिडिओंतली एक गोष्ट मला नेहमी खटकते. त्यात स्क्रू कधी गंजलेला नसतो, त्याचं डोकं घासून गुळगुळीत होत नाही, आणि शेवटी गाडी पहिल्या किकला सुरू होते. मधला तास कापलेला असतो, आणि खरा कार्यक्रम त्याच तासात असतो.

कार्बोरेटर म्हणजे वस्तू मुठीएवढी. आत मात्र संसार आहे. खाली पेट्रोलची वाटी, तिला आपल्याकडे चेंबर म्हणतात. चेंबरमध्ये फ्लोट तरंगतो. पेट्रोल भरलं की तो वर येतो आणि छोट्या पिनेने येण्याची वाट बंद करतो. वर स्लाइड, स्लाइडमधून लोंबणारी सुई, सुईच्या माथ्याला बारीक खाचा आणि त्यांतल्या एकीत बसवलेली क्लिप. ही क्लिप नखाहूनही लहान असते आणि तिला उडायला आवडतं. त्या रविवारी ती उडाली तेव्हा पार्किंगमध्ये जमलेली सगळी मंडळी गुडघ्यांवर आली. चष्मेवाले चष्मा कपाळावर घेऊन फरशी न्याहाळू लागले. कुणाला पाच रुपयांचं नाणं सापडलं, कुणाला मागच्या वर्षीच्या आकाशकंदिलाचा हूक. क्लिप अखेर सरांच्याच शर्टाच्या खिशात निघाली, तेव्हा सगळ्यांनी उठताना कंबर धरली.

हे सगळं यथास्थित बसवून सरांनी किक मारली. गाडीने नुसतं 'फुस्स' केलं. पुन्हा मारली. पुन्हा फुस्स. इथून पुढचं सगळं शास्त्र सुरू होतं.

गॅरेजमधल्या कुठल्याही वस्तादाला विचारा. चालती गाडी हात लावल्यावर बंद पडली, तर दोष जिथे हात लावला तिथेच असतो. आदल्या दिवशीपर्यंत करंट होता, कॉम्प्रेशन होतं, मॅग्नेट होता; ही सगळी मंडळी रातोरात संप करत नाहीत. इतकं सरळ आहे. पण ज्याने हात लावलेला असतो, त्याला हे पटत नाही. आत्ताच साफ केलेला कार्बोरेटर म्हणजे पहिल्या दिवाळसणाला आलेला जावई. घरात काहीही बिघडलं तरी त्याच्याकडे बोट दाखवायचं नाही. सरांना कुणी नुसतं "कार्बोरेटर..." म्हटलं, की ते मान वर न करता म्हणायचे, "तो आत्ताच साफ केलाय." एवढ्या एका वाक्याने त्या दिवशी निदान डझनभर बरोबर निदानं मारली.

मग बाकीच्या शंकांना रान मोकळं. माझं असं निरीक्षण आहे की बंद गाडीजवळ उभा राहिलेला माणूस गाडीचा बिघाड सांगत नाही, तो स्वतःची माहिती सांगतो. कोपऱ्यावर इलेक्ट्रिकचं दुकान असलेले भाऊ आले आणि दुरूनच म्हणाले, "कॉइल गेली." बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी मागची सर्व्हिसिंग कधी झाली, ऑइल कुठलं घातलं, इन्शुरन्स चालू आहे का, अशी क्रमवार चौकशी केली. इन्शुरन्सचा किकशी काय संबंध, हे कुणी विचारलं नाही, कारण काकांना अर्ज पुरता भरल्याशिवाय पुढचं बोलता येत नाही. तालमीत जाणाऱ्या पैलवानाचं म्हणणं, किक दबूनच मारत नाहीत सर, सरका बाजूला. तो सरकवून पुढे झाला आणि अशा किका मारल्या की गाडी मेन स्टँडवरून उतरून दोन फूट पुढे गेली. सुरू मात्र झाली नाही.

तळमजल्यावरचे आबा बुलेटवाले. बुलेट विकून वीस वर्षं झाली, पण ती त्यांच्या बोलण्यातून गेलेली नाही. "आमच्या गाडीला असली दंडेली चालत नव्हती," ते म्हणाले. "डीकॉम्प दाबायचा, किक हळूहळू खाली न्यायची, अँपिअरचा काटा मधे आला की थांबायचं. डीकॉम्प सोडायचा. मग एकच. एकच किक!" आणि त्यांनी हवेत एक किक मारूनही दाखवली. ती मात्र सुरू झाल्यासारखी वाटली. हे सांगताना त्यांनी खिशातून विडी काढली आणि खाली ताटलीभर पेट्रोल आहे हे आठवून एकाच वेळी सगळे ओरडले. त्या दिवशी सर्वांचं एकमत झालेला तो एकच मुद्दा.

सर शिक्षक आहेत, त्यामुळे गर्दी जमली की त्यांना फळा दिसतो. त्यांनी सांगायला सुरुवात केली. कार्बोरेटरची नळी मधे अरुंद असते. अरुंद जागेतून हवा वेगाने जाते, वेग वाढला की दाब कमी होतो, हे बर्नूलीने १७३८ सालच्या ग्रंथात मांडलं. नळीच्या अरुंद भागाला ज्याचं नाव मिळालं तो व्हेंचुरी नंतरचा, इटलीचा. या दोघांना पेट्रोलचं इंजिन काय ते ठाऊकही नव्हतं. पुढे १८९३ च्या सुमारास जर्मनीत मेबाखने जेटमधून पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्बोरेटर केला. म्हणजे खाली चेंबरमध्ये पेट्रोल, वर कमी दाबाची हवा, पेट्रोल आपोआप वर ओढलं जातं. आणि प्रमाण बघा, एक किलो पेट्रोलला साधारण पावणेपंधरा किलो हवा. लिटरात मांडायचं तर एक लिटर पेट्रोल जाळायला नऊ हजार लिटर हवा लागते!

"हवा एवढी?" पैलवान चकित झाला.

"एवढी."

"मग सर, हवाच कमी पडत असंल."

"हवा कशी कमी पडेल? एअर फिल्टर नवा आहे. कार्बोरेटर आत्ताच साफ केलाय."

पैलवान गप्प बसला. बिचारा बरोबर होता, पण त्याला ते माहीत नव्हतं.

त्यानंतर प्लग काढण्यात आला. प्लग काढणं हा आपल्याकडे दुरुस्तीतला संकल्प सोडण्याचा विधी आहे. तो केल्याशिवाय पुढचं फळ मिळत नाही. प्लग काढून टोपीत घातला, इंजिनाच्या अंगाला टेकवला, पैलवानाने किक मारली. फटाक करून निळी ठिणगी पडली. इलेक्ट्रिकवाले भाऊ म्हणाले, "ठिणगी आहे, पण दम नाही." हे वाक्य मला फार आवडतं. ठिणगी कितीही पडली तरी ते म्हणता येतं.

प्लगचं टोक मात्र कोरडं ठणठणीत. एवढ्या किका मारूनही कोरडं. खरं म्हणजे इथेच सगळं उघड व्हायला हवं होतं. किका मारून प्लग ओला झाला तर पेट्रोल जास्त होतंय. कोरडा राहिला तर पेट्रोल इंजिनापर्यंत जातच नाही. वाट एकच आहे: टाकी, कॉक, नळी, कार्बोरेटर, इंजिन. कॉक चालू होता. तो चालू आहे हे वॉचमनमामांनी तीन वेळा सांगितलं, आणि खात्री म्हणून फिरवून रिझर्व्हलाही नेऊन ठेवला. चेंबरखालचा स्क्रू सैल केला तर पेट्रोल बदाबदा आलं. ते सरांनी बाटलीत धरलं. काकांना नीट दिसलं नव्हतं म्हणून पुन्हा काढून दाखवलं. आबा तेवढ्यात आत चहाला गेले होते, ते आल्यावर तिसऱ्यांदा. म्हणजे चेंबरपर्यंत पेट्रोल आहे आणि प्लगपर्यंत नाही. मधे उरतं काय? कार्बोरेटर. आणि तो तर.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण घरी साफसफाई करणारे बहुतेकजण तिथेच चकतात. कार्बोरेटरमध्ये जेट दोन असतात. मेन जेट मोठा, पितळेचा, चेंबर उघडला की समोर दिसतो. म्हणून लोक त्यालाच घासतात. पण गाडी सुरू होताना मेन जेटचं काही काम नसतं. त्याची खरी पाळी रेस जवळजवळ पूर्ण दिल्यावर येते. सुरुवातीला आणि स्लो चालताना सगळा भार पायलट जेटवर. हा आत खोल भोकात लपून बसलेला असतो आणि त्याचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. त्यात सुकलेल्या पेट्रोलची चिकटी धरली की संपलं. तो काढायचा, उजेडाकडे धरायचा आणि पलीकडे टाचणीच्या टोकाएवढा गोल प्रकाश दिसतो का बघायचं. दिसला नाही तर दाबाची हवा मारायची. तार घालायची नाही. आपल्याकडे ब्रेकच्या केबलची एक तार सोडवून ती जेटमध्ये फिरवण्याची जुनी पद्धत आहे. तार पोलादाची, जेट पितळेचा, भोक मोठं होतं, आणि मग वर्षभर माणूस तक्रार करतो की गाडी अॅव्हरेज देत नाही.

सरांनी मात्र हे सगळं चोख केलं होतं. पायलट जेट काढला होता, उजेडाकडे धरला होता, पंक्चरवाल्याकडून हवाही मारून आणली होती. स्लाइडची खाच आतल्या खिट्टीत बसली होती, म्हणजे ती उलटी नव्हती. सुईची क्लिप मधल्या खाचेत. इतकं काळजीपूर्वक काम मी क्वचित पाहिलं. म्हणूनच पुढे जे निघालं त्याची मजा.

चोकवरून मधे एक लढाई झाली तीही नोंदवली पाहिजे. सर चोक ओढून किक मारत होते आणि बाजूला उभे राहून भाऊ रेस पिळत होते. या जातीच्या कार्बोरेटरमधला चोक म्हणजे जादा पेट्रोलची एक चोरवाट असते. रेस बंद असेल तरच त्या वाटेवर इंजिनाची ओढ बसते. रेस पिळली की स्लाइड वर जाते, मोठा रस्ता उघडतो, ओढ तिकडे पळते आणि चोक नुसता शोभेला उरतो. सर हे सांगत होते आणि भाऊ "रेस दिल्याशिवाय कुठली गाडी उठती?" म्हणून आणखी पिळत होते. फिजिक्स एका बाजूला, दुकान दुसऱ्या बाजूला. गाडी कुणाच्याच बाजूने नव्हती.

मग धक्का. धक्क्याशिवाय आपल्याकडे कुठल्याही बंद गाडीचा अंत्यविधी होत नाही. सर बसले, सेकंड गिअर, क्लच दाबलेला. मागून पैलवान, भाऊ, मामा आणि शाळेतली चार पोरं. "सोडा क्लच! सोडा!" सरांनी सोडला, मागचं चाक घासलं, पोरं सीटवर आदळली, गाडी जागच्या जागी. पार्किंगच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हे चाललं. पोरांना इतका आनंद झाला की गाडी सुरू होऊच नये अशी त्यांची इच्छा स्पष्ट दिसत होती.

याच सुमारास तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत वहिनी आल्या.

"अहो, ओट्याचं पिवळं फडकं नेलंत का खाली?"

"हो, आहे इथेच. आणतो नंतर."

"नंतर नको, मला आत्ता हवंय. पोराबरोबर पाठवा."

सरांनी ताटलीखालून फडकं काढून पोराच्या हातात दिलं. पोरगं वर गेलं. दोन मिनिटांत वहिनी पुन्हा गॅलरीत.

"हे अर्धंच आहे!"

"अगं, फाडून घेतलं."

"फाडलंत? परवाच आणलेलं नवं फडकं फाडलंत? आणि दुसरं अर्धं कुठाय?"

सर म्हणाले, "ते इंजिनाच्या तोंडात घातलंय, आत धूळ जाऊ नये म्ह..."

पार्किंगमध्ये शांतता पसरली. आबांनी न पेटवलेली विडी तोंडातून काढली. कार्बोरेटर उतरवल्यावर इंजिनाचं तोंड उघडं पडतं. त्यात कचरा जाऊ नये म्हणून कापडाचा बोळा घालणं ही अगदी योग्य पद्धत. कार्बोरेटर चढवताना तो काढणं, ही तिची दुसरी बाजू. सरांनी बोळा इतका आत सरकवला होता की वरून दिसतही नव्हता. जमिनीपासून तीस फुटांवर, गाडीकडे न बघता, स्पार्क-पेट्रोल-कॉम्प्रेशन यातलं काही न विचारता वहिनींनी बिघाड काढला होता. त्यांना फक्त आपल्या घरातल्या वस्तू मोजता येत होत्या.

कार्बोरेटर पुन्हा उतरला. चिमट्याने बोळा ओढला. पेट्रोलने भिजलेलं ते पिवळं टोक बाहेर येताना सगळे इतके गंभीर चेहरे करून उभे होते की मला हसणं दाबावं लागलं. पैलवान हळूच म्हणाला, "मी म्हटलेलं, हवा कमी पडती." भाऊ म्हणाले, "म्हणजे करंट नव्हताच तसा पूर्ण." काकांनी बोळा टाकू नका, ठेवा, असं सुचवलं. कशासाठी, ते त्यांनाच ठाऊक. बहुधा फायलीला लावण्यासाठी.

दुसऱ्या किकला गाडी उठली. धूर इतका, की गॅलरीतून वहिनी दिसेनाशा झाल्या. टाळ्या पडल्या. सरांनी रेस पिळली, आरएक्सचा तो टिपेचा सूर भिंतींवर आदळला, आणि ज्यांनी ज्यांनी काही सुचवलं होतं ते सगळे एकमेकांकडे असं पाहू लागले की श्रेय नेमकं कुणाकडे जावं हा प्रश्न नाजूक झाला. ते वर गॅलरीत जायला हवं, हे कुणी बोललं नाही.

मला स्वतःला या गाड्यांचं एक वाटतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचा नियम आला आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला. आता इंजेक्शन, सेन्सर आणि डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा. नवी गाडी बिघडली की तो दिवा लागतो, मालक फोन करतो, टेम्पो येतो, गाडी नेतो. त्या दिव्याभोवती माणसं जमत नाहीत. दिव्याला सल्ला काय देणार? गाडी चांगली असते, धूर कमी, अॅव्हरेज जास्त, सगळं मान्य. पण पैलवानाने बर्नूलीबद्दल प्रश्न विचारावा, अशी सोय तिच्यात नाही.

असो. सरांनी हात पुसले, उरलेल्या अर्ध्या फडक्याला, आणि एक चक्कर मारून येतो म्हणून निघाले. गेटपर्यंत झोकात गेले. गेटबाहेर वळण घेतलं, आवाज एकदम चढला, मग दोन आचके, आणि शांतता. टाकीत सकाळी असेल ते लिटरभर पेट्रोल. त्यातलं थोडं ताटलीत, थोडं बाटलीत, तीन वेळच्या प्रात्यक्षिकात आणखी थोडं, आणि कॉक मामांनी कधीचाच रिझर्व्हला लावलेला. मामांना ते कळलं असावं, कारण त्यांनी बाटली उचलून हातात धरली. पण त्यांना बोलू कोण देतो?

काका, भाऊ, पैलवान आणि आबा चौघेही गेटकडे निघाले. पोरं पुढे पळाली, धक्क्याला. चालता चालता आज सकाळपासून पहिल्यांदाच या चौघांचं निदान जुळलं.

"कार्बोरेटर," आबा म्हणाले.

"कार्बोरेटरच," भाऊ म्हणाले. "परत खोलावा लागणार."

आणि सर गाडी स्टँडला लावून स्क्रूड्रायव्हर आणायला माघारी येत होते.